हिरड्यांतून रक्त, दात हलतोय, डॉक्टर म्हणतात पायोरिया. दात वाचतात का यातून?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. लिहू की नको करत होते, आज लिहितेच. वय ४३, राहणार सातारा. दोनेक वर्षांपासून सकाळी ब्रश करताना थुंकी गुलाबी यायची, मला वाटलं ब्रश कडक असेल म्हणून ब्रश बदलला, मग पेस्ट बदलली, मग जिथून रक्त यायचं तिथे घासणंच सोडलं. दुखत काहीच नव्हतं हो. माझा आजवर एकही दात किडलेला नाही, कधी दाढ दुखली नाही, त्यामुळे दातांच्या डॉक्टरची पायरी चढायचं कारणच पडलं नाही.

गेल्या महिन्यात मक्याचं कणीस खाताना खालचा समोरचा दात हलल्यासारखा वाटला, बोट लावून बघितलं तर खरंच मागेपुढे होतोय. पोटात गोळाच आला. कारण माझ्या आईचे सगळे दात पन्नाशीच्या आत गेले, एकही किडका नव्हता, नुसते हलत हलत एकेक पडले. घरात सगळे म्हणायचे आपल्यात दात लवकरच जातात. आई मिश्री लावायची, कवळी बसवल्यावरही सुटली नाही, अजून सकाळी कवळी काढून हिरड्यांना लावते.

डॉक्टरांनी एक बारीक सळईसारखं काहीतरी हिरडीत घालून प्रत्येक दाताभोवती मोजलं, बाजूची मुलगी आकडे लिहीत होती. तीन, चार, पाच, पाच, आणि एका दाढेला सात. मग मोठा एक्सरे काढला. म्हणाले दातांभोवतीचं हाड झिजलंय, आधी डीप क्लीनिंग करू, मग एकदोन ठिकाणी फ्लॅप सर्जरी, म्हणजे हिरडी उघडून आतून साफ करणं, लागते का बघू. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या अजिबात करू नकोस, दात साफ करून घेतले की खिळखिळे होतात, त्यांच्या बहिणीचे झाले. जाऊबाई म्हणतात तुरटी लाव.

हे हाड परत भरून येतं का? दात वाचेल का? आणि हे आईकडून आलंय तर माझ्या मुलीचं काय? ती १६ ची आहे. कुणाला अनुभव असेल तर प्लीज लिहा, रात्र रात्र झोप नाही मला.

अबोली_२१

ताई घाबरू नका आधी. माझ्या हिरड्या प्रेग्नन्सीत इतक्या सुजल्या होत्या की पोळी चावताना पण रक्त यायचं. सगळे म्हणाले बाळ झालं की जाईल, पण माझ्या गायनॅकनेच डेंटिस्टकडे पाठवलं, पाचव्या महिन्यात क्लीनिंग केलं आणि आठवड्यात फरक. तुमचं पुढे गेलंय बहुतेक, पण दाखवलंत हे बरं केलंत.

निळासावळा

सासूबाई म्हणतात ते अगदीच खोटं नाही, मी डोळ्यांनी पाहिलंय. माझ्या वडिलांनी ६० व्या वर्षी क्लीनिंग केलं, त्याच संध्याकाळी म्हणाले दातांत फटी पडल्यात, गार पाणी सहन होईना आणि खालचे दोन दात हलायला लागले जे आदल्या दिवशीपर्यंत घट्ट होते. वर्षाच्या आत काढावे लागले. त्यानंतर आमच्या घरात कुणी क्लीनिंग करत नाही. मी कुणाला अडवत नाही, पण विचार करून करा एवढंच सांगतो.

दातकोरणं

मी हिरड्यांचाच डॉक्टर आहे, म्हणजे बीडीएस नंतर पेरिओमध्ये एमडीएस, नाशिकला प्रॅक्टिस. तोंड न बघता कुणाचा दात वाचेल की नाही हे सांगणार नाही, ते तुमचे डॉक्टरच सांगू शकतात. पण निळासावळा, तुमचा मुद्दा आधी घेतो कारण हा गैरसमज मला रोज भेटतो आणि यापायी चांगले वाचणारे दात गेलेले मी पाहिलेत.

आपण जेवतो, त्यानंतर दातांवर एक चिकट थर बसतो, तो जंतूंचा असतो. ब्रशने निघतो. राहिला की लाळेतलं कॅल्शियम त्यात बसून काही दिवसांत तो दगडासारखा होतो, त्यालाच आपण कीटण म्हणतो. ते मग ब्रशने, मिठाने, कशानेच निघत नाही. खालच्या समोरच्या दातांच्या आतल्या बाजूला सगळ्यात जास्त, कारण जिभेखालच्या लाळेच्या नळ्या तिथेच उघडतात. जीभ लावून बघा, खडबडीत लागेल. याच्यावर आणखी जंतू बसतात, हिरडी सुजते, रक्त येतं. इथपर्यंत सगळं पूर्ण बरं होणारं आहे. पण वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर काहींच्या बाबतीत सूज आत उतरते, हिरडी दातापासून सुटते, खिसा तयार होतो आणि ज्या हाडात दात रुतलेला असतो ते हाड विरघळायला लागतं.

आता वडिलांचं. हाड आधीच गेलेलं होतं आणि तीन-चार दात कीटणाच्या एका सलग पट्टीने एकमेकांना जोडलेले होते, सिमेंटने धरल्यासारखे. ते काढल्यावर दात जितका खरोखर हलत होता तितका हलला. फट पण कीटणाने बुजलेली होती, ती दिसली. सूज उतरल्यावर हिरडी खाली बसते, मुळं थोडी उघडी पडतात म्हणून गार लागतं, बहुतेकांचं काही आठवड्यांत कमी होतं. क्लीनिंगने दात सैल केले नाहीत, सैल झालेले दिसले. दहा वर्षं आधी केलं असतं तर कदाचित ते दोन दात तोंडात असते. हे मी तुम्हाला दुखवायला नाही लिहीत. आमच्या लोकांची चूक अशी की हे आधी समजावून सांगत नाही, पेशंटला खुर्चीवर बसवतो, मशीन सुरू करतो आणि नंतर तो घाबरतो.

कोयनाकाठ, ते आकडे मिलिमीटर आहेत. तीनपर्यंत ठीक, चारपासून आम्ही खिसा म्हणतो, सहाच्या पुढे घरच्या ब्रशची तर सोडाच, आमच्या हत्यारांचीही पोच कमी पडायला लागते. म्हणून तुमच्या डॉक्टरांनी फ्लॅपचं नाव घेतलंय. त्यांनी सगळे दात मोजले, लिहून घेतले, एक्सरे काढला, आणि आधी साफ करून मग ठरवू म्हणाले, हाच क्रम बरोबर आहे. मुलीचा प्रश्न महत्त्वाचा आहे, त्यावर रात्री सविस्तर लिहितो, आता ओपीडी.

निळासावळा

दातकोरणं, सिमेंटचं उदाहरण कुणी आधी दिलं नव्हतं. कीटण काढल्यावर डॉक्टरांनी बाबांना ते ट्रेमधे दाखवलं होतं, खरंच पट्टीसारखं सलग होतं, ते आत्ता आठवलं. मला वाईट वाटतंय की मी गेल्या वर्षी आईला पण नको म्हणालो. या आठवड्यात घेऊन जातो.

सह्याद्रीचा_वारा

माझी उलटी केस सांगतो. मी २० वर्षं सिगारेट ओढली. हिरड्यांतून रक्त कधीच, म्हणजे कधीच आलं नाही, मी अभिमानाने सांगायचो माझ्या हिरड्या बघा कशा फिकट घट्ट आहेत. ४८ व्या वर्षी तोंडाला वास यायला लागला, बायकोने सांगितलं, मग दाखवलं तर वरच्या दोन्ही बाजूच्या दाढांचं हाड निम्म्याहून खाली. डॉक्टर म्हणाले धुराने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात म्हणून रक्त येत नाही, आतून आजार चालू राहतो आणि बाहेर खूण दिसत नाही. दोन दाढा गेल्या. सिगारेट सोडली, आता तीन वर्षं झाली. गंमत नाही हो, सोडल्यावर महिनाभराने पहिल्यांदा रक्त आलं आणि मी घाबरून गेलो, ते म्हणाले हिरडीला रक्तपुरवठा परत सुरू झालाय, घाबरू नका. तर धागा वाचणाऱ्यांपैकी जे ओढतात त्यांनी रक्ताची वाट बघू नका.

रानजाई

मी जालन्याच्या बाजूला आरोग्य विभागात काम करते, गावोगाव फिरणं असतं, मिश्रीचा विषय निघाला म्हणून लिहिते. आपल्याकडे बाईने तंबाखू खाल्ली तर लोक नावं ठेवतात पण मिश्रीला कुणी व्यसन म्हणतच नाही, "दात घासते" म्हणतात. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, चाळायची आणि बोटाने हिरड्यांवर घासायची, आधी सकाळी एकदा, मग जेवणानंतर, मग घरात भांडण झालं की, मग रानात निंदायला बसायच्या आधी. किती जणींनी मला सांगितलंय की पहिल्यांदा दाढ दुखली म्हणून सासूने लावायला दिली आणि खरंच बरं वाटलं. बरं वाटतं कारण निकोटीनने तेवढ्यापुरतं बधिर झाल्यासारखं होतं. हिरडी मात्र दिवसेंदिवस खाली सरकते, मुळं उघडी पडतात, आणि तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा उठला तर तो कॅन्सरच्या आधीचा असू शकतो.

१९९२ पासून आपल्या देशात टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला कायद्याने बंदी आहे. पण घरी तव्यावर भाजलेल्या मिश्रीला कसली बंदी येणार, किराणा दुकानातली तंबाखूची पुडी आणली की झालं.

कोयनाकाठताई, आईला एकदा दातांच्या डॉक्टरला दाखवाच. दात नाहीत म्हणून नाही, गालाच्या आतून आणि हिरड्यांवर चट्टा आहे का बघायला. रागावू नका त्यांच्यावर. मी बायकांना "सोडा" म्हणत नाही, आधी जेवणानंतरची एक बंद करायला सांगते, तिथे बडीशेप द्यायची, मग दुपारची. सकाळची सगळ्यात शेवटी सुटते कारण त्याशिवाय पोट साफ होत नाही असं शरीराला लागलेलं असतं.

कोयनाकाठ

रानजाई, पोट साफ होत नाही हे शब्द माझ्या आईचे आहेत हो, अगदी जसेच्या तसे. डोळ्यात पाणी आलं वाचून. विचारते तिला.

मधुरा_तळेगाव

कोयनाकाठ, शुगर तपासली का तुम्ही? माझ्या नवऱ्याची डायबेटिस अशीच सापडली. हिरड्यांवर दोनदा गळू आलं, पू आला, गोळ्या घेतल्या की बसायचं परत यायचं. शेवटी डेंटिस्टच म्हणाल्या आधी शुगर करून या, तर उपाशीपोटी २१० निघाली. घरात कुणाला कल्पना नव्हती.

दातकोरणं

मधुराताईंनी मनातलं लिहिलं. शुगर आणि हिरड्या दोन्हीकडून एकमेकांना बिघडवतात. साखर वाढलेली असेल तर जंतूंशी लढणं आणि जखम भरणं दोन्ही मंदावतं. आणि हिरड्यांत सतत सूज असेल तर साखर आटोक्यात आणणं अवघड जातं. हिरड्यांचे नीट उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांत तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, सरासरी ०.४ टक्क्यांच्या आसपास उतरते असं अनेक अभ्यास एकत्र करून दिसलंय. आकडा छोटा वाटेल पण शुगरची एक जादा गोळी सुरू केल्यावर कधी कधी एवढाच फरक पडतो. याचा अर्थ शुगरची औषधं सोडायची असा कुणी काढू नका.

आता आनुवंशिकतेचं. १९७० साली हॅराल्ड लो नावाच्या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांतले ४८० मजूर निवडले, १४ ते ३१ वयाचे पुरुष. या लोकांना ब्रश, पेस्ट, दातांचा डॉक्टर काहीच मिळालेलं नव्हतं. सगळ्यांच्या दातांवर थर, सगळ्यांच्या हिरड्या सुजलेल्या. पंधरा वर्षं त्यांना पुन्हा पुन्हा तपासलं. साधारण ८ टक्के लोकांचा आजार झपाट्याने वाढला, चाळीस-पंचेचाळिशीपर्यंत त्यांचे जवळजवळ सगळे दात गेले. ८१ टक्क्यांचा हळूहळू वाढला. आणि ११ टक्क्यांचं हाड गेलंच नाही, हिरडी सुजलेली तेवढी राहिली. सारखंच काम, सारखंच राहणं, कुणीच दात घासत नाही, आणि तरी इतका फरक. म्हणजे कुणाचं शरीर या जंतूंना किती जोराने उत्तर देतं हे माणसागणिक वेगळं असतं आणि ते घराण्यात चालत येऊ शकतं. तुमच्या आईचं बहुधा दोन्ही झालं असावं, अंगातली प्रवृत्ती आणि वर मिश्री.

पण याच लो यांचा १९६५ चा आणखी एक प्रयोग आहे, डेन्मार्कमधला. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं पूर्ण बंद करायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. परत घासायला लावलं, साधारण आठवड्याभरात सगळ्यांच्या बऱ्या झाल्या. म्हणून माझं म्हणणं आहे, प्रवृत्ती आईकडून येते, थर आईकडून येत नाही. तो रोज काढला तर प्रवृत्तीला धरायला काही उरत नाही. तुमच्या मुलीची एकदा तपासणी करा, खास करून पहिल्या दाढा आणि समोरचे दात, कारण लहान वयात आजार आला तर बऱ्याचदा तिथेच आधी येतो. आणि वर्षातून एकदा तिच्या हिरड्या मोजायला सांगा.

रक्त येतं तिथे ब्रश लावायचा थांबवायचं नाही, ही एक गोष्ट मी प्रत्येक पेशंटला सांगतो. मऊ ब्रश घ्या आणि नेमकं तिथेच हलकं घासा. हिरडी आणि दात मिळतात त्या रेषेवर ब्रश तिरका, साधारण ४५ अंशात टेकवायचा आणि जागच्या जागी थरथरवायचा, करवतीसारखा ओढायचा नाही. आठ-दहा दिवस असं करूनही रक्त थांबलं नाही तर कीटण आहे, दाखवा. मात्र रक्त आपोआप गळत असेल, अंगावर काळेनिळे डाग, ताप, खूप थकवा असेल तर दातांच्या डॉक्टरच्या आधी फिजिशियनकडे जाऊन रक्ताची तपासणी करा, ते प्लेटलेट कमी झाल्याचं, डेंगीचं किंवा रक्ताच्या आजाराचं असू शकतं.

खारीचा_वाटा

आणि तुरटी, हळद, तेलाने चूळ याचं काय? माझी आजी आयुष्यभर बाभळीच्या काडीने घासायची, ८५ व्या वर्षी सगळे दात शाबूत.

दातकोरणं

आजी बहुधा त्या ११ टक्क्यांतल्या असतील, आणि काडी चावून कुंचला करून रोज दहा मिनिटं घासणं हे चांगलंच घासणं आहे. मीठपाण्याच्या गुळण्यांनी सुजेला आराम पडतो, जरूर करा. तुरटीने हिरडी तेवढ्यापुरती आकसते, घट्ट वाटते, आणि यातच धोका आहे कारण वरून बरं वाटलं की माणूस सहा महिने आणखी थांबतो. तेलाच्या चुळा हौस असेल तर करा, पण हिरडीखालच्या दगडापर्यंत तेल, हळद, माउथवॉश काहीच पोचत नाही. मशेरी आणि खरखरीत लाल मंजन बंद. क्लोरहेक्सिडीनचं माउथवॉश डॉक्टरांनी दिलं तर सांगितले तितकेच दिवस, साधारण दोन आठवडे, ब्रशनंतर लगेच नाही, अर्ध्या तासाने. जास्त दिवस घेतलं की दात तपकिरी होतात आणि जेवणाची चव जाते. अँटिबायोटिकच्या गोळ्या मनाने मेडिकलमधून आणून खाऊ नका.

बे_एरिया_बाबू

इथे अमेरिकेत वर्षातून दोनदा क्लीनिंगला गेलं की हायजिनिस्ट ते आकडे मोठ्याने वाचते, तीन दोन तीन, तीन दोन चार, आणि आपण तोंड उघडं ठेवून ऐकत बसायचं. सुरुवातीला मला कळायचंच नाही, मग विचारलं. आता चार ऐकू आला की मी घरी येऊन त्या दाताला फ्लॉस जास्त करतो. भारतात मला कधी कुणी मोजून सांगितलं नव्हतं. मोजायला सांगा आणि कागद मागून घ्या, पुढच्या वेळी तुलना करता येते.

पिंपळपान

बाबांना बीपीची ॲम्लोडिपिन चालू आहे, वर्षभरात हिरड्या इतक्या वाढल्या की दात अर्धे झाकले गेले. त्याचाही संबंध असतो का?

दातकोरणं

असतो. ॲम्लोडिपिन, फिटच्या आजाराची फेनिटॉइन, किडनी बदललेल्यांना देतात ती सायक्लोस्पोरिन, यांनी काहींच्या हिरड्या वाढतात. गोळी स्वतः बंद करू नका, फिजिशियनना सांगा, ते बदलू शकतात. सोबत स्वच्छता वाढवली तर पुष्कळ उतरतं. आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर क्लीनिंगच्या आधी सांगा, पण मनाने थांबवू नका.

खर्चाचं दोघातिघांनी खासगी निरोपात विचारलंय. मुंबईत सेंट जॉर्जच्या आवारातलं सरकारी दंत महाविद्यालय, मुंबई सेंट्रलचं नायर, तसंच नागपूर आणि संभाजीनगरचं सरकारी दंत महाविद्यालय, इथे हिरड्यांचा वेगळा विभाग आहे आणि खासगीपेक्षा खूपच कमी खर्चात होतं. वेळ लागतो, चकरा होतात, पण काम प्राध्यापकांच्या देखरेखीखाली होतं.

कोयनाकाठ

अपडेट द्यायला अडीच महिने लागले, माफ करा.

शुगर नॉर्मल आली. डीप क्लीनिंग चार वेळात झालं, प्रत्येक वेळी एका बाजूला भूल देऊन. दुखलं नाही पण खरवडल्याचा आवाज डोक्यात घुमायचा. पहिले तीन आठवडे गार पाणी अजिबात नाही, आमटी पण कोमट करून जेवले, आरशात बघितलं तर खालच्या दातांत फटी. तुमचं सिमेंटचं आधी वाचलेलं नसतं तर मी दुसऱ्या बैठकीला गेलेच नसते, खरं सांगते.

परवा परत मोजलं. पाच होते ते बहुतेक तीन झालेत, रक्त फक्त दोन ठिकाणी. खालचा समोरचा दात पूर्वीपेक्षा कमी हलतो, तो आजूबाजूच्या दातांना आतून बारीक तारेने बांधलाय. सात होता तो सहावरच अडकलाय, एक्सरेत तिथे हाडाला उभा खड्डा आहे म्हणून पुढच्या महिन्यात हिरडी उघडून साफ करून हाडाची पावडर भरणार आहेत. डॉक्टर म्हणाले सगळीकडचं हाड परत येत नाही, आहे ते टिकवायचं, अशा खड्ड्यात मात्र थोडं भरून येण्याची आशा असते. मुलीचं तपासलं, तिच्या हिरड्या सुजल्यात पण हाड छान आहे. रात्रीचा ब्रश ती करतच नव्हती, हे मला माहीत नव्हतं.

आईला घेऊन गेले. गालाच्या आत डाव्या बाजूला फिकट पांढरा चट्टा आहे, तुकडा काढून तपासला, वाईट काही निघालं नाही, पण दर तीन महिन्यांनी दाखवायचं आहे. जेवणानंतरची बंद केलीय तिने, रानजाई. सकाळची अजून चालू आहे.

रानजाई

खूप बरं वाटलं. सकाळचीला वेळ द्या. उठल्या उठल्या कोमट पाणी प्यायला द्या आणि मिश्रीचा डबा स्वयंपाकघरातून हलवून लांब ठेवा, उठून आणायला लागली की आपोआप कमी होते.

निळासावळा

आईचं क्लीनिंग झालं. तिचे दात नाही हलले.

खारीचा_वाटा

कोयनाकाठ, तारेने बांधलेल्या दातांत फ्लॉस कसा घालता?

कोयनाकाठ

फ्लॉस जात नाही तिथे, छोटा बाटली धुवायच्या ब्रशसारखा असतो तो तारेच्या खालून घालायचा. मला दोन साइज दिलेत, समोरच्या फटींना बारीक आणि दाढांना जाड. फटीत थोडा अडकत पण जोर न लावता गेला पाहिजे, ढिला गेला तर काही साफ होत नाही. दुकानातून अंदाजाने आणू नका, डॉक्टरकडूनच मापाचा बसवून घ्या, मी आधी जाड आणला होता तो वाया गेला.